मधपेटीचे माप आणि औषधाचा मध



आपल्यापैकी बहुतेकांच्या औषधपत्रावर दिवसातून दहा-वीस वेळा तरी 'मधातून' हा शब्द उमटतो. सितोपलादि मधातून, त्रिकटु मधातून, रसकल्प मधातून. पारद, गंधक, गुग्गुळ, शिलाजतु यांच्या शोधनाविषयी आपण परिसंवाद भरवितो, वनस्पती खरी की भेसळीची यावर तासन् तास वाद घालतो. परंतु या सर्वांना वाहून नेणारे जे योगवाही द्रव्य, ते रुग्ण कोठून आणतो, कोणत्या फुलोऱ्याचे आणतो, तापविलेले आणतो की न तापविलेले, हे विचारण्याची तसदी आपण क्वचितच घेतो. प्रस्तुत लेखात आम्ही त्या मधाच्याही एक पाऊल मागे जाऊन लाकडी पेटीविषयी लिहिणार आहोत. वैद्यकीच्या त्रैमासिकात हे सुतारकाम कशाला, असे काही वाचकांना वाटेल. त्यांनी थोडा धीर धरावा, ही विनंती.

मध आणि अग्नी यांचे वैर आपल्या शास्त्राने स्पष्ट सांगितले आहे. उष्ण केलेला मध, उष्ण द्रव्याबरोबर मध, उष्णार्त रुग्णास मध, हे सर्व निषिद्ध. च्यवनप्राशाचा पाक पूर्ण थंड झाल्याशिवाय त्यात मध घालावयाचा नाही, हे आपल्या औषधशाळेतील नवा कामगारही पहिल्या महिन्यात शिकतो. परंतु तो मध पिंपातून आपल्या दारी येण्यापूर्वीच तापविला गेला असेल, तर आपली ही दक्षता कोणत्या कामाची? बाजारात मोठ्या प्रमाणावर विकला जाणारा मध गाळण्यापूर्वी बहुधा गरम केला जातो. यात व्यापाऱ्याचा दुष्ट हेतू असतोच असे नाही. मध पातळ असेल, त्यात पाण्याचा अंश वीस टक्क्यांहून अधिक असेल, तर तो आंबतो. बाटलीचे झाकण उडते. गिऱ्हाईक परत येते. आंबू नये म्हणून तापवावे लागते आणि शिवाय तापविल्याने तो लवकर साखरेसारखा गोठत नाही.

मग मध पातळ का येतो? कारण तो अपक्व असतानाच काढला जातो. माशी फुलातील रस आणून पोळ्याच्या घरात ठेवते, पंखांनी वारा घालून त्यातील पाणी उडविते, आणि मध पुरेसा घट्ट झाला की त्या घरावर मेणाचे पातळ झाकण घालते. हे झाकण म्हणजे मध पक्व झाल्याची खूण. ज्याला ही खूण पाहता येते, तो थांबू शकतो. ज्याला पाहता येत नाही, तो अंदाजाने पोळे कापतो, पिळतो, आणि त्याच्या पिळण्यात मधाबरोबर अंडी, पिल्ले, परागही येतात. खूण पाहावयाची तर पोळे न मोडता बाहेर काढता आले पाहिजे. पोळे न मोडता बाहेर काढावयाचे तर ते सुट्या चौकटीत बांधलेले असले पाहिजे. आणि चौकट सुटी राहावयाची असेल तर पेटीची भिंत आणि चौकट यांत नेमके अंतर असले पाहिजे. सातेरी माशीच्या बाबतीत हे अंतर सात-आठ मिलिमीटरच्या आसपास आहे. उष्ण मधाचा आपला निषेध व्यवहारात या सात-आठ मिलिमीटरवर उभा आहे, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती होऊ नये.

हे अंतर ओळखण्याचे श्रेय अमेरिकेतील लँगस्ट्रॉथ नावाच्या पाद्र्याकडे जाते. 1851 साली त्याच्या ध्यानात आले की विशिष्ट रुंदीची फट मधमाशी मोकळी ठेवते, ये-जा करण्यासाठी वाट म्हणून वापरते. फट त्याहून मोठी असली की माशी तीत पोळे बांधून ती जागा भरून काढते. लहान असली की तेथून फिरू शकत नाही. लँगस्ट्रॉथने पाहिले ते युरोपियन माशीचे अंतर, इंचाचे तीन अष्टमांश, म्हणजे सुमारे साडेनऊ मिलिमीटर. आपल्याकडील सातेरी अंगाने लहान, म्हणून तिची वाटही अरुंद. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात फादर न्यूटन यांनी तिरुचिरापल्ली येथे भारतीय माशीसाठी लहान पेटी बनविली. तिची चौकट आतून सुमारे 21 सेंटिमीटर लांब आणि साडेचौदा सेंटिमीटर उंच. लँगस्ट्रॉथच्या पेटीतील पिलावाची चौकट बाहेरून 448 मिलिमीटर लांब आणि 232 मिलिमीटर उंच. दोन मापे शेजारी ठेवली तरी कळावे की एकीचा आराखडा दुसरीला चालणार नाही.

आम्हाला मात्र ते कळले नव्हते. काही वर्षांपूर्वी मुळशी तालुक्यातील आमच्या लहानशा वनौषधी-बागेत मधमाश्या ठेवाव्यात असे मनात आले. पुस्तकातील एक परदेशी आराखडा आम्ही स्वतः कागदावर उतरवून घेतला, इंचांचे सेंटिमीटर केले, आणि भवानी पेठेतील टिंबर मार्केटमधून फळ्या घेऊन एका अनुभवी सुतारांकडे सहा पेट्या करावयास दिल्या. काम देखणे झाले. कोपरे जुळलेले, रंधा गुळगुळीत. अंतराविषयी आम्ही जरा आग्रह धरला तेव्हा ते हसून म्हणाले, "डॉक्टरसाहेब, एखादं सूत इकडे-तिकडे झालं तर माशीला काय कळणार?" आम्हीही हसलो. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन मिलिमीटरहून किंचित अधिक. ज्या वाटेची रुंदीच सात-आठ मिलिमीटर, तिच्यात एक सूत म्हणजे जवळजवळ निम्मी वाट. हा हिशेब तेव्हा आम्ही केला नाही. दोष त्या कारागिराचा मुळीच नव्हता. चुकीच्या माशीचा आराखडा त्यांच्या हाती आम्हीच दिला होता.

गावातील एका वृद्ध शेतकऱ्याने झाडाच्या ढोलीतील सातेरीची वसाहत काढून दिली, पुढे आणखी तीन मिळाल्या. महिन्याभराने पेटी उघडली तेव्हा पोळी चौकटींना समांतर न राहता आडवी-तिडवी, एका चौकटीतून दुसरीत गेलेली, भिंतीला चिकटलेली. एक चौकट उचलली तशी शेजारचे पोळे फाटले आणि अंडी-पिल्ले तळपाटावर पडली. त्या वसाहतीने चार दिवसांत पेटी सोडली. दुसरी व तिसरी पुढील दोन महिन्यांत गेली. चौथीला मेणकिडा लागला. सहा पेट्या, चार वसाहती, मध शून्य. ज्या वसाहती ढोलीत सुखाने नांदत होत्या, त्या आमच्या हौसेपायी उजाड झाल्या, ही टोचणी अजून आहे.

यानंतर आम्ही गणेशखिंड रस्त्यावरील केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत गेलो. खादी व ग्रामोद्योग आयोगाची ही संस्था 1962 पासून पुण्यात आहे. आमच्या चिकित्सालयापासून ती अर्ध्या तासाच्या अंतरावर, आणि आम्ही आराखडा घेतला तो सातासमुद्रापलीकडून! तेथे सातेरीची पेटी उघडलेली पाहिली आणि आमच्या चुका एकेक करून उमगल्या. त्यांतील दोन-तीन येथे सविस्तर सांगतो, कारण ज्यांना पेट्या करवून घ्यावयाच्या आहेत त्यांना त्या उपयोगी पडतील.

पहिली गोष्ट, पोळ्यांमधील अंतराची. युरोपियन माशी एका पोळ्याच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत सुमारे 35 मिलिमीटर अंतर ठेवते. सातेरी 30 ते 32. चौकटीच्या उभ्या पट्ट्यांची रुंदी यावरून ठरते. आमच्या चौकटी 35 च्या होत्या. सातेरीला ते अंतर परके वाटले, तिने आपले अंतर धरले, आणि तीन-चार चौकटींनंतर तिचे पोळे व आमची चौकट यांची फारकत झाली. पोळी आडवी का गेली याचे उत्तर इतके सोपे होते.

दुसरी गोष्ट आम्हाला अधिक महत्त्वाची वाटते, कारण ती आपल्या माशीच्या स्वभावाची आहे. युरोपियन माशी झाडांचा डिंक-राळ आणून पेटीतील बारीक फटी लिंपून टाकते. सातेरी हे करीत नाही. म्हणजे सुताराने ठेवलेली फट युरोपियन माशी स्वतः बुजविते, सातेरीच्या पेटीत ती तशीच राहते. मेणकिड्याचा पतंग तीतून आत शिरून अंडी घालतो, मुंग्या वाट काढतात. परदेशी माशीला गबाळी पेटी एक वेळ चालून जाईल, देशी माशीला नाही. 'आपली माशी काटक आहे, तिला कशीही पेटी चालते' असे जे सर्रास म्हटले जाते, त्याच्या नेमके उलट सत्य आहे.

तिसरी गोष्ट लाकडाची. फळी पुरती वाळलेली नसेल तर ती पुढे आकसते, आणि लाकूड आकसते ते लांबीत नव्हे, रेषांच्या आडव्या दिशेने, रुंदीत. पेटीच्या बाजूची फळी आडवी बसविलेली असते, तेव्हा तिची रुंदी म्हणजेच कोठीची उंची. ती तीन-चार मिलिमीटरने घटली की चौकटींच्या खाली किंवा वर ठेवलेली वाट नाहीशी होते, आणि खालच्या कोठीतील चौकट वरच्या कोठीला चिकटते. मुळशीच्या पावसात फुगलेले आणि पुण्याच्या वैशाखात आकसलेले लाकूड आम्ही पाहिले आहे. फळी चांगली मुरलेली, बिनवासाची असावी. प्लायवूड स्वस्त पडते, परंतु पावसात त्याचे थर सुटतात आणि त्यातील चिकटद्रव्याचा वास येत राहतो. औषधाच्या मधासाठी आम्ही ते वापरणार नाही. रंग द्यावयाचा तो बाहेरून, आतून कधीही नाही.

बाकी रचना अवघड नाही. खालून वर तळपाट, पिलावाची कोठी, तीवर कमी उंचीची मधाची कोठी, आतले झाकण, छप्पर. चार पायांची घोडी आणि पायांखाली मुंग्यांसाठी पाण्याच्या वाट्या. भारतीय मानक 1515 मध्ये मधपेट्यांची मापे ठरवून दिलेली आहेत. आपल्या भागात सातेरीसाठी कोणते माप रूढ आहे ते संस्थेत विचारून घ्यावे आणि तेच धरावे, म्हणजे शेजारच्या मधपाळाची चौकट आपल्या पेटीत बसेल. मध काढताना पक्व चौकटी मधयंत्रात फिरवून मध वेगळा करता येतो, अग्नीचा संबंध येत नाही, आणि रिकामे पोळे माशांना परत देता येते.

आता आक्षेपांकडे येऊ. आमच्या परिचयातील एका औषधनिर्मात्या स्नेह्यांना आम्ही हे सर्व ऐकविले तेव्हा ते म्हणाले, "वैद्यराज, तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं. पण मला वर्षाला टनाच्या हिशेबात मध लागतो. तुमची सातेरी किती देणार?" प्रश्न रास्त आहे. सातेरीची एक वसाहत वर्षाला साधारण पाच ते दहा किलो मध देते. युरोपियन माशी, जिला आपल्याकडे मेलिफेरा म्हणतात, 25 ते 40 किलो देते. शंभर सातेरी वसाहती धरल्या तरी अर्धा ते एक टन, तोही वर्ष चांगले गेले तर. 1991-92 च्या सुमारास दक्षिण भारतात थाई सॅकब्रूड या विषाणूने सातेरीच्या वसाहती मोठ्या प्रमाणावर नष्ट केल्या, तो धोकाही विसरता येत नाही. तेव्हा प्रत्येक औषधशाळेने सर्व मध सातेरीचाच वापरावा, असे आमचे म्हणणे नाही. मेलिफेराचा मध माक्षिक मानावा की नाही, हा वाद विद्वानांनी घालावा. चरकांनी चार आणि सुश्रुतांनी आठ प्रकार सांगितले ते त्यांच्या काळी त्यांना दिसलेल्या माश्यांवरून. 1960 च्या दशकात पंजाब-हिमाचलाकडे आणून स्थिरावलेली माशी त्यात शोधणे ओढाताणीचे ठरेल. आमच्या मते ती माशी त्याज्य नाही, तापविलेला आणि मिसळलेला मध त्याज्य आहे.

मिसळलेला हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरला. डिसेंबर 2020 मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने बाजारातील 13 ब्रँडचा मध तपासून घेतला. सर्व चाचण्यांतून तीनच उतरले. अनेक कंपन्यांनी तो निष्कर्ष नाकारला, आणि त्या वादात पडण्याचे आम्हास कारण नाही. परंतु त्या तपासणीतून एक गोष्ट पुढे आली ती आपल्या दृष्टीने गंभीर आहे: नेहमीच्या चाचण्यांतून सुटतील असे साखरेचे पाक मुद्दाम बनविले जातात. म्हणजे पिंपाबरोबर आलेला प्रयोगशाळेचा कागद पाहून निश्चिंत होण्याचे दिवस सरले. आपल्यापैकी किती औषधशाळांना आपला मध कोणत्या तालुक्यातून आला हे सांगता येईल? आम्ही चार ठिकाणी विचारले. चारही ठिकाणी उत्तर व्यापाऱ्याच्या नावापाशी थांबले.

याला व्यवहार्य मार्ग आहे आणि तो आपल्या जवळच आहे. महाबळेश्वरला 1946 पासून मधमाशीपालनाचे शासकीय काम चालू आहे. त्याच तालुक्यातील मांघर हे गाव मे 2022 मध्ये 'मधाचे गाव' म्हणून घोषित झाले. जांभूळ, हिरडा, गेळा यांच्या फुलोऱ्याचा मध तेथे मिळतो, आणि सात-आठ वर्षांनी एकदा फुलणाऱ्या कारवीचाही. गेला मोठा बहर 2024 सालचा. हिरड्याच्या फुलोऱ्याचा मध हिरड्याच्या कल्पाला अनुपान म्हणून वापरून पाहावा, असा विचार कोणा वैद्याच्या मनात येत नसेल तर नवल. औषधशाळेने अशा मधपाळांशी वर्षाचा करार करावा, पेट्या आपल्या खर्चाने, आपण तपासलेल्या मापाच्या करून द्याव्यात, आणि बदल्यात न तापविलेला, झाकण घातलेल्या घरांतीलच मध ठरल्या भावाने घ्यावा. भाव अर्थातच चढा पडेल. तो सर्व अवलेहांना परवडणार नसेल तर निदान अनुपानासाठी विकावयाच्या लहान बाटल्यांना परवडावा. रुग्ण शंभर ग्रॅम मध महिनाभर पुरवितो. त्यासाठी थोडे अधिक देण्यास तो तयार असतो, कारण सांगितले तर.

आणखी एक अट करारात असावी. पावसाळ्यात फुलोरा नसतो तेव्हा मधपाळास माशांना साखरेचा पाक द्यावाच लागतो, त्यात गैर काही नाही. न दिल्यास वसाहत उपाशी मरते. परंतु पाक चालू असताना मधाची कोठी पेटीवर असता कामा नये. नाहीतर माशी तो पाकच वर नेऊन साठविते आणि प्रामाणिक मधपाळाच्या हातूनही नकळत भेसळ होते. ही अट पाळली गेली की नाही हे पाहण्यासाठी श्रावण-भाद्रपदात एकदा तेथे स्वतः जाऊन यावे. औषधशाळेचा मालक वर्षातून एकदा आपल्या मधाच्या पेट्या पाहावयास गेला, असे आमच्या ऐकिवात अद्याप नाही.

चिकित्सालयापुरता मध हवा असणाऱ्या वैद्यांसाठी मात्र चार-पाच पेट्या पुरेत. शहरात इमारतींच्या छज्जाखाली लटकणारे आग्या मोहोळ पाळता येत नाही, फुलोरी माशी उघड्यावर एकच पोळे बांधते, तिलाही पेटी मानवत नाही. तेव्हा प्रश्न सातेरीचाच. घराच्या गच्चीपेक्षा गावाकडची बाग बरी. बादलीत पोळ्याचा तुकडा ठेवून दारोदार मध विकणाऱ्यांकडून घेण्यापेक्षा हा खटाटोप खचितच बरा. जुन्या पेट्या विकत घेण्याचा मोह टाळावा. रोग त्यांबरोबर येतो. घ्याव्याच लागल्या तर आतून ज्योतीने शेकून घ्याव्यात.

आमच्या बागेत आज पाच वसाहती आहेत. पेट्या त्याच सुतारांनी केल्या, यावेळी योग्य आराखड्यावरून. त्यांनी स्वतःहून एक युक्ती काढली. सागाची एक पट्टी नेमक्या वाटेच्या जाडीची तासून घेतली. प्रत्येक चौकट बसविली की भिंत आणि चौकट यांच्यामध्ये ती पट्टी सरकवून पाहावयाची. सैल बसली तर चौकट बाद, अडकली तरी बाद. पहिल्या दिवशी त्यांनी स्वतःच केलेल्या बावीस चौकटी बाजूला काढल्या. गेल्या वर्षी पाच वसाहतींचा मिळून 29 किलो मध निघाला. तो चैत्र संपेपर्यंत पक्व झाला नाही म्हणून आम्ही आणखी सोळा दिवस थांबलो. झाकणे घातलेली डोळ्यांनी पाहिली आणि मगच चौकटी काढल्या. अद्याप आंबलेला नाही.

ती सागाची पट्टी आणि सातेरीच्या पेटीचा पूर्ण आकाराचा आराखडा आमच्या चिकित्सालयात ठेवला आहे. ज्या वैद्यांना अथवा औषधनिर्मात्यांना पेट्या करवून घ्यावयाच्या असतील त्यांनी सायंकाळच्या वेळात येऊन आराखड्याची नक्कल करून न्यावी. पट्टी मात्र दोन दिवसांत परत आणावी. पुढील पेट्यांचे काम दिवाळीनंतर सुरू व्हावयाचे आहे.